टोरांटोचं भुयार तीन वर्षांतच खणून झालं होतं

2025 च्या ऑक्टोबरात मुंबईची मेट्रो 3 थेट कफ परेडपर्यंत धावायला लागली, तेव्हापासून एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. मुंबई-पुण्याच्या ग्रुपांत तो आहेच, टोरांटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या मराठी मंडळींतही तितक्याच हिरिरीने पुढे ढकलला जातो. सार असं: मुंबईने साडेतेहतीस किलोमीटर भुयारी मेट्रो आठ वर्षांत केली, टोरांटोला एग्लिंटन मार्गाचं 19 किलोमीटर भुयार खणायला पंधरा वर्षं लागली. का, तर तिकडे मजुरी महाग, युनियन डोक्यावर बसलेल्या, जमीन गोठलेली, परवानग्यांचं जंजाळ. उपाय? सगळं काम एका खासगी कंपनीच्या गळ्यात घाला, म्हणजे जोखीम तिची. आणि जमलं तर आपले इंजिनिअर पाठवा.

यातला वैताग खरा आहे. एग्लिंटनचं काम 2011 मध्ये सुरू झालं, मुहूर्त 2020 चा होता, आणि प्रवासी गाडीत बसले 2026 च्या फेब्रुवारीत. याचं समर्थन करायला मी बसलेलो नाही. पण मजकुरातली कारणं बहुतेक चुकीची आहेत आणि सुचवलेला उपाय टोरांटो-ओटावाने आधीच करून पाहिलाय. तेव्हा एकेक वाक्य घेऊ.

“19 किलोमीटर भुयार, पंधरा वर्षं”

19 किलोमीटर ही अख्ख्या मार्गाची लांबी. त्यातला जमिनीखालचा भाग साधारण 10 किलोमीटरचा, बाकी भागात गाडी बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या मधोमध वरूनच धावते. हे भुयार खणायला चार टीबीएम, म्हणजे भुयार खणणारी यंत्रं, आणली होती: डेनिस आणि ली, डॉन आणि हंबर. पहिली दोन नावं माउंट डेनिस आणि लीसाइड या वस्त्यांवरून, दुसरी दोन टोरांटोच्या नद्यांवरून. पश्चिमेची जोडी 2013 मध्ये जमिनीखाली गेली, पूर्वेची 2015 मध्ये, आणि 2016 च्या उन्हाळ्यात खणणं संपलं. तीन वर्षं. म्हणजे गाडी सुरू होण्याआधी साडेनऊ वर्षं भुयार तयार होतं!

मग साडेनऊ वर्षं गेली कुठे? मुख्यतः स्टेशनांत, आणि त्यांची कंत्राटं देण्याच्या पद्धतीत. मेट्रोलिंक्स या ओंटारिओ प्रांताच्या वाहतूक संस्थेने भुयाराची दोन कंत्राटं आधी वेगळी दिली. स्टेशनं, रूळ, सिग्नल आणि पुढची देखभाल असं सगळं एकत्र बांधून 9.1 अब्ज कॅनेडियन डॉलरचं कंत्राट क्रॉसलिंक्स या समूहाला मिळालं ते 2015 मध्ये. म्हणजे भुयार एकाचं, त्याभोवती स्टेशन खणणारा दुसरा. तेही टोरांटोच्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांपैकी एकावर, पाणी, गॅस, विजेच्या जुन्या वाहिन्या सरकवत. यंग स्ट्रीटच्या नाक्यावर तर 1954 पासून चालू असलेल्या स्टेशनाच्या खाली, वरच्या गाड्या बंद न करता नवं स्टेशन घालायचं होतं. त्या एका ठिकाणाने कितीतरी वेळ खाल्ला. मग रूळ ठरलेल्या मापात बसत नसल्याचं निघालं. दर्जाच्या 260 तक्रारींची यादी 2023 मध्ये मेट्रोलिंक्सच्या प्रमुखांनीच जाहीर केली. सिग्नल आणि चाचण्यांचा घोळ त्यानंतरचा.

टीबीएमचं फिरणारं चाक टीव्हीवर छान दिसतं, म्हणून लोकांना वाटतं मेट्रो म्हणजे तेच. रस्ता वर्षानुवर्षं अडतो तो स्टेशनांच्या खड्ड्यांमुळे. भुयार खोल असूनही एग्लिंटनवरच्या लिटल जमैका भागातल्या दुकानदारांचं कंबरडं मोडलं, याचं कारण हेच. गिरगाव-काळबादेवीच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

“मजुरी महाग, युनियन डोक्यावर”

मजुरी महाग आहे, कबूल. पण हे कारण मानायचं तर डेन्मार्कचं काय करायचं? कोपनहेगनची सिटीरिंगन 15.5 किलोमीटरची, 17 स्टेशनांची, पूर्ण भुयारी, आणि जुन्या शहराच्या पोटातून जाणारी. 2011 मध्ये काम सुरू, 2019 च्या सप्टेंबरात गाड्या सुरू. खर्च तीन अब्ज युरोच्या आसपास. डॅनिश कामगार स्वस्त नाही आणि युनियन तिथे कॅनडापेक्षा तगड्या आहेत. टोरांटोत आता बांधकाम चालू असलेली ओंटारिओ लाइन लांबीला जवळपास तेवढीच, 15.6 किलोमीटर, स्टेशनं 15, आणि तिचा काही भाग तर उंचावरून किंवा जमिनीवरून जातो. 2019 मध्ये तिची किंमत 10.9 अब्ज डॉलर सांगितली होती. आता आकडा 27 अब्जांच्या घरात गेलाय. या आकड्याबद्दल एक सावधगिरी हवी: गाड्या, सिग्नल आणि चालवण्याच्या कंत्राटात तीस वर्षांची देखभालही बांधलेली आहे, त्यामुळे तो सरळ कोपनहेगनशेजारी ठेवता येत नाही. वर्षं आणि भाववाढ वेगळी, तेही खरं. पण एवढं सगळं वजा केलं तरी उरणारी दरी मजुरीने भरून निघत नाही.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या ट्रान्झिट कॉस्ट्स प्रोजेक्टने देशोदेशींचे खर्च मांडून पाहिले. त्यातून वर आलेली कारणं अशी: गरजेपेक्षा मोठी स्टेशनं, सल्लागारांवर अवलंबून असलेलं आणि स्वतःचे जाणकार नसलेलं खातं, आणि राजकीय धरसोड. टोरांटोत मोठ्या स्टेशनांचा नमुना हवा असेल तर 2017 मध्ये सुरू झालेली व्हॉनपर्यंतची सबवे बघा. 8.6 किलोमीटर, सहा स्टेशनं, सुमारे 3.2 अब्ज डॉलर. काही स्टेशनं देखणी आहेत, वाद नाही. आजूबाजूला मोकळे पार्किंग लॉट असताना एवढा महाल कुणासाठी, हा प्रश्न मात्र तिथे उतरल्यावर पडतोच.

“जमीन गोठलेली”

टोरांटोत थंडी जमिनीत साधारण सव्वा मीटर उतरते. भुयार त्याच्या कितीतरी खाली असतं. याच देशात, टोरांटोहून कडक हिवाळ्याच्या माँट्रियलने 1962 च्या मे महिन्यात मेट्रो खणायला घेतली आणि 1966 च्या ऑक्टोबरात गाड्या चालवल्या. आराखडा शहराच्याच सार्वजनिक बांधकाम खात्याने केला, प्रमुख होते ल्यूसियन लालिए. साडेचार वर्षं! 2007 मध्ये त्याच माँट्रियलच्या लाव्हालपर्यंतच्या 5.2 किलोमीटर विस्ताराला 745 दशलक्ष डॉलर लागले, तेव्हा अंदाज फसला म्हणून आरडाओरडा झाला होता. आता त्याच शहरात निळ्या मार्गाच्या 5.8 किलोमीटर विस्तारासाठी 7.6 अब्ज. हिवाळा तोच आहे.

“सगळं एका कंपनीच्या गळ्यात घाला”

हे वाक्य सर्वांत घातक, कारण ते शहाणपणाचं वाटतं. कॅनडाने नेमकं हेच दहा-पंधरा वर्षं केलं.

ओटावाचं उदाहरण घ्या. कॉन्फेडरेशन लाइन 12.5 किलोमीटरची, त्यातलं अडीच किलोमीटर भुयार संसदेजवळच्या मध्यवस्तीखालून, तीन भुयारी स्टेशनं. महापालिकेने ठरलेल्या किमतीचं, 2.1 अब्ज डॉलरचं कंत्राट रिडो ट्रान्झिट ग्रुपला दिलं. जमिनीखाली काय निघेल, पाणी, पोकळी, भुसभुशीत थर, याची जोखीम किती घ्यायची हे निविदेत बोली लावणाऱ्यांना ठरवायचं होतं. जिंकणाऱ्याने सगळी घेतली. महापालिकेने सुटकेचा श्वास सोडला.

8 जून 2016 रोजी रिडो स्ट्रीट खचला. भर मध्यवस्तीत रस्त्याला भलंमोठं भगदाड, पाण्याची मुख्य वाहिनी फुटलेली, गॅसगळतीमुळे आजूबाजूच्या इमारती रिकाम्या केलेल्या, आणि एक उभी व्हॅन थेट खाली. कागदावर जोखीम कंपनीची होती. पण वेळ कुणाचा गेला? आधी भगदाड कशामुळे पडलं यावरच वाद, भुयारामुळे वाहिनी फुटली की वाहिनीमुळे जमीन खचली. मग मागे पडलेलं काम भरून काढायची घाई, त्यात चाचण्यांचा वेळ कापला गेला. गाड्या 2018 च्या मेमध्ये सुरू व्हायच्या होत्या, 2019 च्या सप्टेंबरात झाल्या, आणि 2021 मध्ये दोन महिन्यांत दोनदा रुळांवरून घसरल्या. प्रांत सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती विल्यम हौरिगन यांच्या चौकशी आयोगाने 2022 च्या अहवालात या कंत्राटी पद्धतीकडेही बोट दाखवलं. ज्या कामात चुकलं तर शहराला भोगायचंय, त्या कामावर शहराचंच लक्ष आणि नियंत्रण उरलं नव्हतं.

एग्लिंटनवरही तीच कथा, फक्त भगदाडाऐवजी वकील. जोखीम दिली होती, तरी 2018 मध्ये मेट्रोलिंक्सने क्रॉसलिंक्सला तडजोडीपोटी 237 दशलक्ष डॉलर दिले. ओंटारिओच्या महालेखापरीक्षकांनी त्याच वर्षीच्या अहवालात ते छापलं. पुढे करोनाच्या कारणावरून कोर्ट आणि आणखी एक तडजोड. कंपनीला आधी अज्ञात जोखमीसाठी किमतीत वाढवून पैसे द्यायचे आणि ती अंगावर आली की पुन्हा द्यायचे, असा हा व्यवहार. अर्धवट स्टेशन मध्येच टाकून कंत्राटदाराला हाकलणं शक्य नसतं, आणि ते दोघांनाही माहीत असतं.

ओंटारिओलाही हे उशिरा का होईना कळलं. ओंटारिओ लाइनच्या पेप अव्हेन्यूखालच्या भुयारासाठी आणि टोरांटोच्या पूर्वेकडच्या स्कारबरोतल्या सबवे विस्ताराच्या स्टेशनांसाठी आता टप्प्याटप्प्याचं कंत्राट वापरतात. आधी कंत्राटदाराबरोबर बसून आराखडा पक्का करायचा, जमीन तपासायची, आणि मग किंमत ठरवायची. स्कारबरोच्या 7.8 किलोमीटरसाठी मात्र भुयार पुन्हा आधी वेगळं दिलंय, श्ट्राबाग या ऑस्ट्रियन कंपनीला. दोन्ही रूळ एकाच 10.7 मीटर व्यासाच्या भुयारात. “एकच मोठं भुयार काढा, स्वस्त पडेल” असंही काही जण मजकुराखाली लिहितात. दोन छोट्या भुयारांपेक्षा यात माती जास्तच निघते, आणि स्टेशनांचे खड्डे तरीही खणावेच लागतात. जागेप्रमाणे ते योग्य ठरू शकतं, पण स्वस्ताईची हमी त्यात नाही.

“परवानग्यांचं जंजाळ”

2020 मध्ये ओंटारिओने खास कायदा केला, बिल्डिंग ट्रान्झिट फास्टर ॲक्ट. जमीन घेणं, वाहिन्या हलवणं, आसपासच्या बांधकामावर निर्बंध, सगळं सोपं झालं. ओंटारिओ लाइन त्या कायद्याच्या छत्राखाली आहे. तरी 2027 चा पहिला वायदा कधीच मागे पडला.

वेळ गिळणारी गोष्ट दुसरी आहे. याच एग्लिंटन वेस्टवर 1994 मध्ये सबवेचं खोदकाम सुरू झालं होतं. 1995 मध्ये माइक हॅरिस यांचं सरकार आलं, काम रद्द झालं आणि खणलेला खड्डा चक्क भरून टाकला. 2010 मध्ये महापौर रॉब फोर्ड निवडून आले आणि रस्त्यावरची रेल्वे नको म्हणून आधीची योजनाच मेल्याचं जाहीर केलं. 2011 मध्ये एग्लिंटन जवळपास सगळी जमिनीखाली न्यायचं ठरलं, 2012 च्या फेब्रुवारीत नगरसभेने ते फिरवलं. हे चालू असताना भुयाराची तयारी सुरू होती! कॅल्गरीत तर 2024 मध्ये ग्रीन लाइनच्या मध्यवस्तीतल्या भुयारावर वर्षानुवर्षं आराखडे झाल्यावर प्रांताने पैसे रोखले आणि उंचावरून मार्ग काढा म्हणून सांगितलं. यात परवाना देणाऱ्या कारकुनाचा काय दोष?

“मुंबईने आठ वर्षांत केली”

केली, आणि कौतुक आहेच. पण मेट्रो 3 चा खर्च 23,136 कोटींवरून 37,276 कोटींवर गेला, पहिला वायदा चुकला, आरेची कारशेड कांजूरला गेली आणि परत आली. आचार्य अत्रे चौक स्टेशन सुरू होऊन महिना व्हायच्या आत पावसाचं पाणी आत शिरलं. मजकुरात यातलं काहीच नाही.

शिकण्यासारखं जे आहे तेही त्यात नाही. मुंबईत स्थापत्याचं काम सात भागांत वाटलं होतं आणि प्रत्येक भागात भुयार आणि त्यातली स्टेशनं एकाच कंत्राटदाराकडे होती. सतरा टीबीएम एकाच वेळी वेगवेगळ्या शाफ्टांतून चालली. गाड्या आणि सिग्नल वेगळे विकत घेतले, आणि सगळ्यांची मोट बांधायची जबाबदारी सरकारी कंपनीने स्वतःकडे ठेवली. म्हणजे “सगळं एकाच्या गळ्यात” याच्या बरोबर उलट.

“आपले इंजिनिअर पाठवा”

टोरांटोला भुयाराची विद्या नाही, असं गृहीत धरलंय. एग्लिंटनची चारही यंत्रं टोरांटोतच बनली, एटोबिकोच्या कारखान्यात. तो मूळचा लोव्हॅटचा, 1972 पासूनचा, जगभर टीबीएम पाठवणारा. 2008 मध्ये कॅटरपिलरने घेतला आणि 2013 मध्ये बंद करायचं जाहीर केलं. स्कारबरोचं यंत्र जर्मनीहून आणावं लागलं.

आणि कंत्राटदार? स्पेनची ड्रागादोस आणि फेरोव्हियाल, फ्रान्सची व्हिंसी, इटलीची गेल्ला. स्पेन-इटलीत याच कंपन्या टोरांटोच्या काही अंशाच्या किमतीत भुयारं देतात. माणसं तीच, यंत्रं तीच. फरक पडतो तो टेबलाच्या पलीकडे, विकत घेणाऱ्याच्या बाजूला. पेपच्या भुयारासारख्या कंत्राटात किंमत कंत्राटदारासमोर बसून ठरते. त्या बैठकीत मेट्रोलिंक्सच्या बाजूने दर तपासणारे तिच्या स्वतःच्या पगारावरचे इंजिनिअर असतात की तासावर पैसे घेणारे सल्लागार, यावर तो आकडा ठरतो.