पंधराचा निळा

गाडीत तासभर चार्जरला लावलेला मोबाइल उचलला, तर चार्जिंग आधीपेक्षा कमी. सॉकेटचा फ्यूज उडाला होता. "एवढ्यासाठी मेकॅनिक कशाला?" मी म्हणालो. हे वाक्य ऐकलं की बायको न सांगता टॉर्च आणते.

फ्यूजबॉक्स स्टिअरिंगखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याशी. तो बघायचा तर डोकं पेडलांपाशी आणि पाय सीटच्या पाठीवर न्यावे लागतात. या आसनाला योगशास्त्रात नाव नाही, आणि ते करताना तोंडून निघतं ते छापण्याजोगं नाही.

"अगं, उजेड इकडे."

"इकडे म्हणजे कुठे? मला फक्त तुमचे मोजे दिसताहेत."

झाकणाच्या आत नकाशा होता. मुंग्यांनी मुंग्यांसाठी छापलेला. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. आपला निळा. बॉक्समधल्या इवल्या प्लास्टिकच्या चिमट्याने तो ओढला आणि उजेडासमोर धरला. आतली नागमोडी तार मधोमध तुटलेली, कडेला काजळी. मला उगाच डॉक्टर झाल्यासारखं वाटलं.

बॉक्समध्ये दोन निळे जादा होते. एक बसवला, किल्ली फिरवली. गेला. दुसरा बसवला. तोही गेला.

मग मनात पाप आलं. "पिवळा लावू का? जरा दमाचा आहे."

"लावा. म्हणजे फ्यूज शाबूत राहील आणि वायरिंग पेटेल. शॉर्ट कुठे आहे ते बघा आधी."

तिने टॉर्च सरळ सॉकेटमध्ये मारला. तळाशी एक नाणं तिरकं पडलं होतं, मधल्या टोकाला आणि कडेला एकदम टेकून. सुटे पैसे कुठे ठेवायचे यावर माझी स्वतःची काही मतं आहेत. ती काही बोलली नाही. ते जास्त लागलं. किल्ली काढून, काडीला चिकटपट्टी गुंडाळून मी नाणं वर काढलं.

आता जादा निळा एकही उरला नव्हता. पण मागच्या वायपरचा १५ चाच होता, आणि पाऊस कुठे आलाय अजून? उद्या नवा आणून जागेवर लावू म्हणत तो इकडे बसवला. मोबाइल चार्ज होऊ लागला. मी विजयी मुद्रेने, मान वाकडी असलेला, बाहेर आलो.

दीड महिन्याने पहिल्याच पावसात गाडी रिव्हर्सला टाकली.

"अहो, मागचं काहीच दिसत नाहीये."

"धुकं असेल," मी म्हणालो.