अटॅक, अरेस्ट, फेल्युअर: तिन्हींना एकच समजू नका

कुणी अचानक गेलं की बातमी ठरलेली असते: "हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन." घरोघरी मग कुणी "अटॅक आला" म्हणतं, कुणी "हार्ट फेल झालं". मला हे फार खटकतं. हे तीन वेगळे आजार आहेत, आणि ते एकात कालवले की ऐन वेळी काय करायचं तेच कळत नाही.

हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी बंद पडते, बहुतेकदा गुठळीमुळे, आणि तेवढ्या भागातला स्नायू मरायला लागतो. हृदय मात्र सहसा चालू असतं. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, कधी स्वतः जिनाही उतरतो. आपल्या मनात अटॅक म्हणजे छाती धरून कोसळणं. त्यामुळे समोरच्याला दरदरून घाम फुटलाय, जबडा नाहीतर हात दुखतोय, मळमळतंय, तरी "ॲसिडिटी असेल" म्हणत तास निघून जातात. मधुमेह असलेल्यांना आणि बऱ्याच बायकांना तर छातीत कळ न येताही अटॅक येऊ शकतो. नुसती धाप लागते, गळून गेल्यासारखं वाटतं. बोलता येतंय म्हणजे अटॅक नाही, असं कृपा करून धरून चालू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा.

कार्डियाक अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच थांबतं. बऱ्याचदा विद्युत संदेश बिघडून हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते. श्वास थांबतो किंवा मध्येच आचके येतात. हे आचके बघून "श्वास चालू आहे" असं वाटतं आणि सगळे नुसते भोवती उभे राहतात. तो श्वास नव्हे. मदत बोलवून लगेच छातीच्या मधोमध दाब द्यायला लागायचं: मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटीमीटर खोल. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, म्हणून तर पहिल्यात वेळ घालवायचा नाही.

हार्ट फेल्युअर ऐकून घरचे हातपाय गाळतात, कारण त्यांना वाटतं हृदय बंद पडलं. खरं तर शरीराला पुरेल इतकं काम हृदयाला जमत नसतं. पायांना सूज, आडवं झालं की धाप. नियमित औषधं घेऊन आणि वजनावर लक्ष ठेवून माणसं वर्षानुवर्षं जगतात. डॉक्टरांनी हा शब्द उच्चारला की पुढची दोन मिनिटं तो समजावण्यात घालवलीच पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे. इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवरच्या 'इजेक्शन फ्रॅक्शन'चंही तेच. दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं, तो हा आकडा. 60% बघून लोक परीक्षेच्या गुणांसारखे 40 कमी पडले असं समजतात. पण सगळं रक्त कुणाचंच बाहेर पडत नाही. साधारण 55 ते 70% नॉर्मल धरतात. उलट हा आकडा नॉर्मल असूनही फेल्युअर असू शकतं, म्हणून नुसत्या आकड्यावर निश्चिंतही होऊ नये.

आणि तो 'माइल्ड अटॅक'! स्नायूचं नुकसान कमी झालं असेल, पण धमन्यांचा आजार तोच असतो. "माइल्डच होता" म्हणत गोळ्या सोडणारे आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवलेला असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद केल्या, तर त्या स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. घरात असं कुणी असेल तर त्यांच्या गोळ्या चालू आहेत ना, एवढं आज विचारा.