"विंडोज १० संपलं, याच महिन्यात नवीन डेस्कटॉप घ्या" म्हणणाऱ्या मेसेजचा एकेक मुद्दा

गेले काही महिने एक मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरतोय, सोसायटीच्या, शाळेच्या पालकांच्या, डीटीपीवाल्यांच्या, आणि त्यात थोडक्यात असं म्हटलंय की विंडोज १० बंद झालंय म्हणून जुन्या डेस्कटॉपवर बँकेचं काम केलं तर पैसे गेलेच समजा, २०१८च्या आधीची मशीन विंडोज ११ घेत नाहीत म्हणजे ती भंगार, हळू चालतंय म्हणजे प्रोसेसर म्हातारा झालाय, जीएसटी नुकताच कमी झालाय, रॅम रोज महागतेय आणि इथून पुढे एआय पीसीच लागणार, त्यामुळे थांबू नका. मला हा मेसेज वाचून काळजी वाटते कारण माझ्या ओळखीतले दोघे-तिघे खरंच ईएमआयवर मशीन घ्यायला निघालेत आणि त्यांना त्याची गरज नाहीये. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिला मुद्दा, "विंडोज १० बंद". १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, हे बरोबर. पण घरगुती मशीनसाठी ईएसयू (एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स) नावाची सोय ठेवलीये, त्यात १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सिक्युरिटी अपडेट येत राहतात. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडला तर फुकट, नाहीतर त्यांच्या रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट, तेही नको तर एकदाच ३० डॉलर किंवा तेवढे रुपये, आणि एका अकाउंटवर १० मशीनपर्यंत चालतं. अट एवढीच की विंडोज १०चं २२एच२ व्हर्जन हवं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलं की तिथेच नोंदणीची लिंक येते. विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसच्या व्हायरस डेफिनिशन (नव्या व्हायरसांच्या ओळखखुणा) तर २०२८पर्यंत मिळणार आहेत. ब्राउझरचं म्हणाल तर विंडोज ७चा सपोर्ट जानेवारी २०२०मध्ये संपला होता आणि क्रोमने त्याला २०२३च्या सुरुवातीपर्यंत धरून ठेवलं होतं, म्हणजे सपोर्ट संपला की ब्राउझर लगेच बंद होतो असं नाही.

आता ज्यांनी ही नोंदणी केलेली नाहीये आणि तरी त्याच मशीनवरून नेट बँकिंग चाललंय, त्यांच्याबाबतीत मेसेजमधली भीती रास्त आहे, त्यांनी आज रात्रीच बसून ते करून टाका. आणि अजून एक, आपल्याकडे असेंबल्ड मशीनवर डिफेंडर बंद करून कुठलातरी ॲक्टिव्हेटर (लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारं सॉफ्टवेअर) चालवलेलं विंडोज सर्रास असतं, तिथे धोका १४ ऑक्टोबरला सुरू झालेला नाही, तो पहिल्या दिवसापासूनच आहे. नवीन मशीन घेऊन त्यावर परत तोच ॲक्टिव्हेटर टाकणार असाल तर सुरक्षेसाठी पैसे घातले असं म्हणताच येणार नाही.

दुसरा मुद्दा, "२०१८च्या आधीचं ते भंगार". इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतायत. विंडोज ११ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका आणि पुढचा प्रोसेसर लागतो, सोबत टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय). आठवी पिढी डेस्कटॉपवर ऑक्टोबर २०१७मध्ये आली, म्हणजे २०१८-१९ला घेतलेली कितीतरी मशीन या यादीत बसतात, पण चेक केलं की "हा पीसी चालणार नाही" असंच उत्तर येतं आणि माणूस हात टेकतो. का, तर टीपीएम बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद असतं. असेंबल्ड मशीनमध्ये ते चालू करून द्यायच्या भानगडीत त्या काळी कोणी पडलंच नाही. मशीन सुरू होताना डिलीट की दाबून बायोसमध्ये जायचं, इंटेल असेल तर पीटीटी आणि एएमडी असेल तर एफटीपीएम नावाचं ऑप्शन शोधून एनेबल करायचं, सेव्ह करून बाहेर. मग विंडोजमध्ये येऊन टीपीएम २.० दिसतंय का बघायचं.

सिक्युअर बूटसाठी मात्र घाई करू नका. जुनं विंडोज लेगसी, म्हणजे जुन्या बूट पद्धतीने टाकलेलं असेल तर डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या प्रकारची असते, आणि तशीच ठेवून बायोसमध्ये सीएसएम (जुनी बूट पद्धत चालू ठेवणारी सोय, सिक्युअर बूटसाठी ती बंद लागते) बंद केलं की मशीन बूटच होत नाही, मग घाबरून लोक दुकानात धावतात. आधी डेटाचा बॅकअप घ्या, मग विंडोज १०मध्येच एमबीआर टू जीपीटी नावाचं टूल आहे त्याने त्याच डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या प्रकारची करा, आणि त्यानंतरच सीएसएम बंद करा. जमत नसेल तर जाणकार पोराला बसवा, एका संध्याकाळचं काम आहे.

पहिल्या पिढीचं रायझन असेल, म्हणजे २०१७चं १६०० वगैरे, तर प्रोसेसर यादीत बसत नाही, पण मदरबोर्डचं सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) एएम४ आहे ना! त्याच सॉकेटवर रायझन ५५००, ५६०० बसतात, २०२२पासून बी३५० आणि ए३२० बोर्डांसाठीसुद्धा तसे बायोस आलेत. तुमच्या बोर्ड कंपनीच्या साइटवर सपोर्ट लिस्ट बघा, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा आणि मग प्रोसेसर बदला. या प्रोसेसरांमध्ये ग्राफिक्स नाही, पण १६००मध्येही नव्हतं, म्हणजे तुमच्याकडे कार्ड आहेच. कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), रॅम, डिस्क सगळं तेच. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीवाल्यांना ही सोय नाही, सॉकेट ११५१च असला तरी आठवी पिढी त्या बोर्डांवर चालत नाही, ते दुकानदाराने चालेल म्हटलं तरी घेऊ नका.

अट टाळून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या आहेत, मी त्या पोटापाण्याच्या मशीनवर कुणालाच सुचवणार नाही, कारण अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. फक्त ब्राउझर, मेल आणि युट्यूब असलेलं मशीन असेल तर लिनक्स मिंट टाका, मराठी टायपिंगही नीट होतं त्यात.

तिसरा, "हळू चालतंय म्हणजे प्रोसेसर गेला". हे तर मी डोळ्यांनी बघितलंय. ओळखीच्या एका डीटीपीवाल्याचं चौथ्या पिढीचं आय५, ८ जीबी रॅम, पत्रिकांचा सीझन, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडायला टाकली की माणूस चहा पिऊन यायचा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि परफॉर्मन्समध्ये बघत बसलो, तर सीपीयू बहुतेक वेळ १०-१५ टक्क्यांवर पडून आणि डिस्क सलग १०० टक्के, खाली खडखड चालू. तबकडीवाली हार्ड डिस्क होती. विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना अशी डिस्क सेकंदाला जेमतेम शे-दीडशे वाचनं करते आणि साधी साटा एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) हजारोंनी करते, हा फरक कुठलाही नवा प्रोसेसर भरून काढू शकत नाही. जुनी डिस्क आहे तशी एसएसडीवर क्लोन केली, त्यामुळे श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, त्याचं डोंगल (लायसन्सची किल्ली), वर्षानुवर्षांचे फॉन्ट काहीच हलवावं लागलं नाही, आणि तो आता त्याच मशीनवर काम करतोय. एसएसडीही हल्ली महागलीये, पण अख्ख्या मशीनच्या मानाने तो खर्च किरकोळच. मशीन तबकडीवाल्या हार्ड डिस्कवर चालत असतानाच नवीन घ्यायचा निर्णय घेऊ नका, कळकळीने सांगतो.

जीएसटीचा मुद्दा सरळ चुकीचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ला दर बदलले तेव्हा एसी, मोठे टीव्ही, ३२ इंचांवरचे मॉनिटर २८वरून १८ टक्क्यांवर आले. कॉम्प्युटर आणि लॅपटॉप आधीही १८ टक्क्यांतच होते, आताही तिथेच आहेत.

रॅमचं मात्र खरं आहे. २०२५च्या दिवाळीपासून भाव दुप्पट-तिप्पट झाले, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा नाहीतर ऑनलाइन बघा, सगळीकडे तेच. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात आणि त्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलाय, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशल हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन महिन्यांत भाव उतरतील असं मीही म्हणणार नाही, नवीन कारखाने उभे राहायला वर्षं लागतात. पण यावरून "म्हणून अख्खं मशीन आत्ताच घ्या" हे कसं निघतं? आज नवीन घ्याल ते एएमडीचं एएम५ किंवा इंटेलचं ताजं सॉकेट, दोन्हीला डीडीआर५ ही नव्या जातीची रॅमच लागते, म्हणजे तुमच्याकडची चांगली, जुन्या जातीची डीडीआर४ कपाटात टाकून सगळ्यात महागलेली वस्तू सगळ्यात महाग काळात विकत घ्यायची. रॅम महाग आहे हे कारण आहे ती रॅम अजून वापरत राहायला! ८ जीबीवर अडत असाल तर त्याच जातीची अजून एक स्टिक घ्या, ती मात्र लांबवू नका. २०१७-१८ला पण रॅम अशीच चढली होती आणि २०१९ला पडली, त्या वेळी ज्यांनी जुन्यावर वर्षभर ढकललं त्यांचे पैसे वाचले.

एआय पीसीचं दोन वाक्यांत. मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस नावाला किमान ४० टॉप्सचा (टॉप्स म्हणजे वेगाचं माप) एनपीयू, म्हणजे एआयचं गणित करणारा प्रोसेसरमधला भाग, लागतो, आणि २०२४ला आलेल्या डेस्कटॉपच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेत तो १३ टॉप्सचा आहे, रायझन ९००० डेस्कटॉपमध्ये तर एनपीयूच नाही. बाकी चॅटजीपीटी, जेमिनाय हे ब्राउझरमध्ये चालतात, त्यांचं गणित तुमच्या टेबलाखाली होत नाही.

मग आत्ता कुणी घ्यावं? ज्यांचं काम खरंच अडलंय त्यांनी. चौथ्या-पाचव्या पिढीवर ४के व्हिडिओ एडिट करणारा, इंजिनिअरिंगला गेलेली मुलगी जिला थ्रीडी मॉडेलिंग करायचंय, बोर्डवरचे कपॅसिटर फुगलेत आणि मशीन मधेच बंद पडतंय असा दुकानदार, यांनी स्वस्ताईची वाट बघत कमाईचे दिवस घालवू नयेत. घेताना एएम५ बोर्ड घ्या कारण एएमडीने तो सॉकेट २०२७ आणि पुढे चालवायचं म्हटलंय, रॅम १६ जीबीची एकच स्टिक घालून दुसरा स्लॉट मोकळा ठेवा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर एका स्टिकने रोजच्या कामात फारसं बिघडत नाही, भाव उतरले की दुसरी घालता येईल. कॅबिनेट आणि एसएसडी जुनीच वापरा, एसएमपीएस मात्र नवीन आणि चांगल्या कंपनीचा घ्या. आणि जुनं मशीन एक्स्चेंजला देणार असाल तर त्यातली डिस्क काढून घेतल्याशिवाय देऊ नका, तुमचे पॅनकार्ड, बँकेची स्टेटमेंट, सगळ्या पत्रिकांचे फोन नंबर त्यातच असतात.