"टेम्परेचर कमी आहे ना, मग दे व्होल्टेज": हा सल्ला कुठे कुठे गंडलाय

ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करणाऱ्यांमध्ये, म्हणजे ते ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणाऱ्यांमध्ये, एक दावा इतका फिरतो की आता तो नियम असल्यासारखाच सांगितला जातो. थोडक्यात असा: चिप व्होल्टेजने मरत नाही, हीटने मरते, त्यामुळे वॉटरकूलिंग लावून कोअर (म्हणजे मुख्य चिप) ६० डिग्रीच्या खाली ठेवला की व्होल्टमॉड करून, म्हणजे कार्डावर रेझिस्टर सोल्डर करून, हवं तेवढं व्होल्टेज द्या, परफॉर्मन्स त्याच प्रमाणात वाढेल, कंपन्या लिमिट लावतात ते फक्त महागडी कार्डं विकायला, लिक्विड नायट्रोजनवाले तर दीड व्होल्ट देतात त्यांचं काही होत नाही, आणि नाहीच जमलं तर लावलेला रेझिस्टर काढून टाका, कार्ड पहिल्यासारखं. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर पटतं. एकेक करून बघू.

सुरुवात "व्होल्टेज मारत नाही, हीट मारते" इथून. हीट मारते यावर वाद नाहीच. पण व्होल्टेज स्वतः काही करत नाही हे साफ चूक आहे. ट्रान्झिस्टरच्या गेटखाली इन्सुलेशनचा जो थर असतो तो जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा, म्हणजे तिथे एक व्होल्ट लावला की दर मीटरला ५० ते १०० कोटी व्होल्ट या हिशोबाचं फील्ड पडतं. एवढ्या फील्डखाली त्या थरात बारीक बारीक डिफेक्ट तयार होत राहतात आणि पुरेसे डिफेक्ट एका रांगेत आले की त्या जागी थर फुटतो. कार्ड गार ठेवलं तर हा प्रकार सावकाश होतो, मान्य, पण फील्ड काही कमी होत नाही, ते ठरतं व्होल्टेज आणि थराची जाडी यांवरच. शिवाय व्होल्टेज दहा टक्के वाढवलं म्हणजे आयुष्य दहा टक्के घटलं असा सरळ हिशोब इथे नाही, थोड्याशा वाढीने आयुष्य कित्येक पटींनी खाली येऊ शकतं.

दुसरं प्रकरण इलेक्ट्रोमायग्रेशनचं. चिपच्या आतल्या बारीक तारांमधून जास्त करंट सतत वाहत राहिला की इलेक्ट्रॉन धातूचे अणू हळूहळू ढकलत नेतात, कुठेतरी पोकळी होते, कुठेतरी ढीग. याचं आयुष्याचं गणित जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडलं आणि त्यात टेम्परेचर आहेच, पण करंट डेन्सिटी (तारेच्या जाडीच्या मानाने किती करंट वाहतो ते) वेगळी आहे, आणि तीसुद्धा साधारण वर्गाच्या प्रमाणात. आता आकडे घालून बघा. समजा कोअर १.०५ व्होल्टवर २०० वॅट घेतोय, म्हणजे करंट झाला १९० अँपियर. व्होल्टेज केलं १.२० आणि क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, मिळाला ५ टक्के जास्त. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे २०० चे झाले साधारण २७४ वॅट, आणि करंट १९० वरून २२८ च्या पुढे, म्हणजे २० टक्के जास्त. लीकेज (ट्रान्झिस्टर बंद असतानाही गळणारा करंट) वाढेल ते अजून धरलेलंच नाही. आता समजा तुमचं कूलिंग इतकं भारी आहे की टेम्परेचर एक डिग्रीही वाढलं नाही, तरी नुसत्या करंटमुळे ब्लॅकच्या हिशोबाने आयुष्य साधारण ३० टक्के कमी झालं. ६० डिग्रीचा आकडा बघून निश्चिंत होणं म्हणजे अंगात ताप नाही म्हणून ब्लडप्रेशरही नॉर्मलच असणार असं म्हणण्यातला प्रकार आहे.

हे मरण एका झटक्यात येतंच असं नाही. बऱ्याचदा होतं काय, की जो क्लॉक महिनोन्महिने स्टेबल होता तो अचानक क्रॅश व्हायला लागतो, मग माणूस ड्रायव्हरला शिव्या घालतो, गेमच्या अपडेटला शिव्या घालतो, आणि शेवटी अजून थोडं व्होल्टेज देतो. मग परत स्टेबल. थोडे दिवस.

आता "कोअर ६० च्या खाली आहे ना". या एका वाक्याने जेवढी कार्डं खाल्ली असतील तेवढी बाकी कशाने नसतील असं माझं मत आहे. कोअरचा सेन्सर कोअरचं सांगतो, बास. कोअरला जो करंट जातो तो व्हीआरएममधून, म्हणजे कार्डावरच्या व्होल्टेज पुरवणाऱ्या भागातून जातो, मॉसफेट, कॉइल, कपॅसिटर या सगळ्या भानगडीतून, आणि तिथे रेझिस्टन्समुळे होणारी हीट करंटच्या वर्गाने वाढते. वरच्याच उदाहरणात करंट १.२ पट झाला, म्हणजे ही हीट १.४४ पट. कोअरवर वॉटरब्लॉक आहे म्हणून तो मजेत, आणि व्हीआरएम बिचारा एका पातळ थर्मल पॅडवर. त्यात ज्यांनी फक्त कोअर झाकणारा सीपीयूचा वॉटरकूलर ब्रॅकेटने कार्डावर बसवलाय त्यांची तर अजून गंमत, कारण कार्डाचा मूळ हीटसिंक आणि पंखे काढल्यावर व्हीआरएम आणि मेमरीवर जी हवा येत होती ती पण गेली, आणि स्क्रीनवर आकडा मात्र आधीपेक्षा सुंदर.

हे नुसतं थिअरीतलं नाही. मार्च २०११ मध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स ५९० आलं, एका कार्डावर दोन चिप, ३६५ वॅटचं, आणि काही रिव्ह्यूअर्सनी व्होल्टेज वाढवून ओव्हरक्लॉक केल्यावर कार्डं जळाली. कोअर तापून नाही, पॉवरच्या भागाला तो लोड झेपला नाही म्हणून, आणि एनव्हिडियाला ड्रायव्हरमधून बंधनं घालावी लागली. २०१६ मध्ये ईव्हीजीए या कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या जीटीएक्स १०८० एफटीडब्ल्यूच्या व्हीआरएमचा प्रश्न आला तेव्हा तर व्होल्टमॉडचाही संबंध नव्हता, तरी कंपनीला फुकट थर्मल पॅड द्यावे लागले आणि पंखे जास्त वेगाने फिरवणारा नवीन बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) काढावा लागला. कोअरच्या आकड्यात यातलं काही दिसत नव्हतं. मेमरीचंही तसंच, जीडीडीआर६एक्स प्रकारच्या मेमरीची लिमिट ११० डिग्री आहे आणि आरटीएक्स ३०९० मध्ये अर्ध्या मेमरी चिप कार्डाच्या पाठीवर आहेत, तिथे कोअर ६५ ला निवांत आणि मेमरी ११० ला टेकून थ्रॉटल होतेय, म्हणजे स्वतःचा वेग उतरवतेय, असं सर्रास व्हायचं.

वॉटरकूलिंग लावलं की हीटचा प्रश्नच संपला असंही लोक म्हणतात. पाणी हीट वाहून न्यायला जबरदस्त आहे यात शंका नाही, मिनिटाला एक लिटर फ्लो असला तर दर ७० वॅटमागे पाणी फक्त एक डिग्री तापतं, म्हणजे २७४ वॅटला चार डिग्रीच्या आसपास. पण अडचण पाण्यात नसतेच मुळी. हीट आधी एवढ्याशा सिलिकॉनमधून, मग थर्मल पेस्टच्या थरातून, मग ब्लॉकच्या तांब्यात जायची असते. जीटीएक्स १०८० ची चिप ३१४ चौरस मिलिमीटरची, त्यातून २७४ वॅट काढायचे म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ०.८७ वॅट, आणि तोही काही सगळीकडे सारखा नाही, म्हणून सरासरी टेम्परेचर आणि हॉटस्पॉट (चिपची सगळ्यात तापलेली जागा) यांच्यात फरक पडतो. रेडिएटर दुप्पट केला तर पाणी गार होईल, पण पेस्टमधला फरक तेवढाच राहील. सरासरी आणि हॉटस्पॉटमधलं अंतर आधीपेक्षा वाढत चाललेलं दिसलं तर आधी पेस्ट आणि ब्लॉकचं प्रेशर तपासा, नवीन रेडिएटर नंतर.

स्क्रीनवरच्या आकड्यांचं अजून एक. हार्डमॉड म्हणजे व्होल्टेज कंट्रोलरच्या फीडबॅक पिनवरून ग्राउंडला एक व्हेरिएबल रेझिस्टर लावायचा, मग कंट्रोलरला वाटतं व्होल्टेज कमी पडतंय आणि तो ते वाढवतो. म्हणजे कंट्रोलरला फसवूनच हे काम होतं, आणि मग सॉफ्टवेअर जो आकडा दाखवतं तो बहुतेक वेळा कार्डाने मागितलेला असतो, कोअरला खरंच मिळालेला नाही. पॉवर लिमिट चुकवायच्या शंट मॉडमध्ये पण तेच, बऱ्याच कार्डांवर ५ मिलिओहमचे शंट, म्हणजे करंट मोजायचे रेझिस्टर, असतात, त्यावर तेवढाच दुसरा चढवला की रेझिस्टन्स अर्धा आणि कार्डाला पॉवरही अर्धीच दिसते. ३०० वॅट दिसतायत म्हणून खुश असलेल्या माणसाच्या कार्डात खरे ६०० जात असतात. आणि ते ६०० येतात कुठून? जुन्या ८ पिन कनेक्टरला १५० वॅट म्हणजे दर पिनला चार-सव्वाचार अँपियर, नवीन १६ पिनवाल्याला ६०० वॅट म्हणजे ५० अँपियर सहा पिनांत, दर पिनला ८.३, आणि पिनचं रेटिंग ९.५. एखादी पिन नीट बसली नसेल तर तिचा वाटा बाकीच्यांवर. कोअरच्या सेन्सरला हे कळणार कसं.

"जास्त व्होल्टेज म्हणजे तेवढाच जास्त परफॉर्मन्स" याला पास्कलवाल्यांनीच (जीटीएक्स १०८० च्या पिढीची कार्डं वापरणाऱ्यांनी) उत्तर देऊन ठेवलंय. जीटीएक्स १०८० मध्ये सॉफ्टवेअरमधला व्होल्टेजचा स्लायडर पूर्ण ओढला तरी १.०९३ व्होल्टच्या वर जात नाही, म्हणून लोकांनी हार्डमॉड केले, आणि हवा-पाण्यावर निघालं काय तर कार्ड आधीच २ गिगाहर्ट्झच्या पुढे होतं आणि वरच्या व्होल्टेजने मूठभर मेगाहर्ट्झ मिळाले. वर जीपीयू बूस्टचा (क्लॉक आपोआप वर-खाली करणाऱ्या एनव्हिडियाच्या यंत्रणेचा) स्वभाव असा की टेम्परेचर चढलं की तो साधारण १३-१३ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी क्लॉक उतरवतो, आणि ते ठरलेल्या कमाल टेम्परेचरच्या बरंच आधी सुरू होतं. म्हणजे व्होल्टेजने जे कमावलं त्यातलं काही त्याच व्होल्टेजच्या हीटने परत नेलं. म्हणून तर आज बरेच जाणकार उलट्या दिशेने जातात, अंडरव्होल्ट करतात, म्हणजे व्होल्टेज कमी करतात, आणि पॉवर लिमिटला अडकणाऱ्या कार्डावर त्यानेच क्लॉक वर टिकतो.

कंपन्या लिमिट महागडी कार्डं विकायला लावतात, हो, थोडं तसंही असेल, वॉरंटीतली कार्डं परत येऊ नयेत हे त्याहून मोठं कारण. यावर जास्त वेळ घालवण्यासारखं काही नाही.

लिक्विड नायट्रोजनचं उदाहरण मात्र हमखास येतं. उणे १९६ डिग्रीचा पदार्थ ओतून चालवलेलं कार्ड आणि रोज चार तास गेम खेळायचं कार्ड यांची तुलना कशी होते? गारठ्यात लीकेज पडतं, ट्रान्झिस्टर फास्ट होतात, आणि मुख्य म्हणजे तो जास्तीचा व्होल्टेज काही मिनिटांच्या बेंचमार्कपुरता असतो. वरचं सगळं झिजणं वेळेशी बांधलेलं आहे. ती माणसं मोठ्या व्हीआरएमची कार्डं निवडतात, कधी वेगळा पॉवर बोर्ड सोल्डर करतात, आणि तरी कार्डं मरतात. "त्यांचं काही होत नाही" हे ज्यांनी लिहिलं त्यांनी फक्त रेकॉर्डचे फोटो बघितलेत.

राहिलं "रेझिस्टर काढला की पहिल्यासारखं". सोल्डर निघतो, झिजलेला थर परत येत नाही. पेन्सिल मॉडचं, म्हणजे सोल्डरऐवजी कार्डावरच्या रेझिस्टरवर पेन्सिल घासण्याचं, तर बोलायलाच नको, ग्राफाइट किती घासलं यावर रेझिस्टन्स, आणि तो नंतर सरकतो पण. शंटवर लिक्विड मेटल लावणाऱ्यांनी लक्षात ठेवा की त्यातलं गॅलियम सोल्डर खातं आणि काही काळाने शंट सुटतो, ॲल्युमिनियमच्या हीटसिंकला ते लागलं तर तो पण गेला.

एवढं वाचून करायचंच असेल तर व्हेरिएबल रेझिस्टर कमाल ओहमवर ठेवूनच कार्ड पहिल्यांदा चालू करा, कारण तो शून्याजवळ राहिला तर व्होल्टेज थेट वर उडतं आणि कोअर त्याच क्षणी जातो. व्होल्टेज मल्टिमीटरने कोअरच्या मागच्या कपॅसिटरवर मोजा, लोड चालू असताना. व्हीआरएमवर हीटसिंक आणि त्यावर वेगळा पंखा आधी, व्होल्टेज नंतर. आणि वाढवताना एक पायरी चढली तरी क्लॉक वाढत नसेल तर तिथून एक पायरी खाली या, वरचं फक्त हीटर आहे.