कॅरमची कंपनं

कॅरममुळे ऐतिहासिक वास्तूला धोका पोचतो, ही माहिती मला परवा मिळाली. ओट्यावरून उठवता उठवता मिळाली, त्यामुळे अजून पचलेली नाही.

इंदुरात वारसा म्हटलं की लोक राजवाडा म्हणतात, नाहीतर गांधी हॉल. तिथपर्यंत आमची मजल नाही. आमची इमारत मोहल्ल्यातली, दगडी, बसकी. पुढे ऐसपैस ओटा, ओट्यावर सावली आणि सावलीत पेन्शनर मंडळींचा कॅरम बोर्ड. मध्यंतरी तिचं संवर्धन झालं. दिवे लागले, फलक लागला, आणि जॅकेट घातलेला एक सुपरवायझर लागला.

"काका, इथे खेळता नाही येणार. हेरिटेज आहे."

"खेळतोय फक्त. दगड काढून नेत नाही."

"स्ट्रायकर मारता ना तुम्ही? त्याची कंपनं खाली जातात."

"बोर्ड स्टुलावर आहे."

"आणि स्टूल?"

स्टूल ओट्यावर होतं. मुलगा हुशार. मी म्हटलं, स्टुलाच्या पायांना रबरी बुचं लावतो. त्यानं खरोखर खाली वाकून चारही पाय पाहिले, अंगठ्यानं दाबले आणि म्हणाला, "बुचांचं यादीत नाही." यादी लॅमिनेट केलेली होती. थुंकणे, पतंग, ढोल, गुरं बांधणे आणि 'आघाती खेळ'. कॅरम आघातीत. बुद्धिबळ चालेल का, विचारलं. तो जरा घुटमळला. "सोंगटी आपटत नसाल तर."

एवढ्यात त्याच्या पाठीमागे घर्रर्र सुरू झालं. दोघेजण हॅमर ड्रिल घेऊन त्याच ओट्याच्या दगडात भोकं पाडत होते. उन्हाळी शिबिराचं स्टेज! सकाळी झुंबा, संध्याकाळी कराओके, दोन्हीला माणसाच्या उंचीचे स्पीकर.

"आणि ही कंपनं?" मी ओरडलो. ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

"काका, हा कार्यक्रम आहे!" तोही ओरडला. "मंजूर आहे!"

"मग आमचं काय आहे?"

"तुमचा वापर आहे!"

वर त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. उन्हात बसू नका म्हणाला. अशा माणसावर धड चिडताही येत नाही.

म्हणून बोल्टवर चिडतो. दगडात लोखंडी अँकर बोल्ट ठोकला की पावसाचं पाणी त्याच्या कडेनं आत उतरतं आणि लोखंड गंजतं. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो. ती मिळेना की तो आतून दगड फोडतो. हे लगेच दिसत नाही, काही पावसाळ्यांनी कोपरा हातात येतो. तोवर शिबिराचं बिल निघालेलं असतं. बरं, छोट्या स्टेजला बोल्ट लागतच नाही, ते आपल्या वजनानं उभं राहतं. बोल्ट लागतो मागच्या फ्लेक्सच्या चौकटीला, कारण फ्लेक्स म्हणजे वाऱ्यासाठी शीड. उपाय साधा आहे: चौकटीला रुंद बेस प्लेट, तिच्याखाली रबर, आणि पायांशी पाण्यानं भरलेले 200 लिटरचे ड्रम. एकेका ड्रममध्ये 200 किलो पाणी, कार्यक्रम संपला की झाडांना घाला. शिवाय वारा आरपार जावा म्हणून फ्लेक्सला चिरा द्यायच्या. पण फ्लेक्सभर मान्यवरांचे चेहरे. कात्री कोण लावणार?

संवर्धनाचीही तीच गत. चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटनं भरल्यात. दिसायला टापटीप, करड्या रेघा अगदी वहीत आखल्यासारख्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, सिमेंट देत नाही. आतली ओल मग दरजेतून न निघता दगडातून निघते, जाताना क्षार मागे ठेवते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. रीत अशी की जुनी दरज छन्नीनं हातानं खरवडायची, ग्राइंडर फिरवायचा नाही, कडा उडतात. बोटाच्या पेराएवढी खोल तरी घ्यायची. कळीचा चुना विझवून, गाळून, पाण्याखाली काही आठवडे मुरवायचा. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू, त्यातच थोडी सुरखी, म्हणजे विटांची पूड. दरज ओली करून भरायची आणि वर ओलं गोणपाट आठवडाभर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला घाई खपत नाही. आणि ठेकेदाराला 31 मार्च असतो.

वारसा आणि विरंगुळा यांचं खरं तर वैर नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं शहरांसाठी 18 कामांची यादी दिली. त्यात उद्यानं आणि खेळाची मैदानं 12 व्या क्रमांकावर, सांस्कृतिक आणि सौंदर्यविषयक बाबी 13 व्या. म्हणजे सख्खे शेजारी! कचेरीत मात्र दोघांच्या फायली वेगळ्या मजल्यांवर, आणि जिन्यात भेट झाली तरी ओळख दाखवत नसाव्यात. नाहीतर संवर्धनाच्या निविदेतच दोन ओळी आल्या असत्या: इथे रोज माणसं बसणार आहेत, वर्षातून अमुक वेळा स्टेज लागणार आहे, त्याची सोय दगडाला हात न लावता करा. दुरुस्तीला लाखो रुपये आणि वापराला एक लॅमिनेट केलेला कागद, हा हिशेब मला तरी उमजत नाही. वापर थांबला की जुनी वास्तू लवकर पडते. रोज बसणाऱ्यालाच कळतं की कौल सरकलाय, पन्हळ तुंबलीय, पिंपळानं भिंतीत मूळ धरलंय. झुंबावाल्यांची पाठ इमारतीकडे असते. तेवढं कशाला, राजवाडा 1801 साली लुटीत जळला, 1984 साली दंगलीत जळला. कॅरममुळे एकदाही नाही.

हे सगळं मी सुपरवायझरला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि हळूच रस्ता दाखवला. "काका, वापराचा अर्ज नका करू. कॅरम स्पर्धा म्हणून अर्ज करा. तो कार्यक्रम होतो."

"म्हणजे खेळता येईल?"

"आरामात. एक उद्घाटक लागेल, माइक लागेल, पाठीमागे फ्लेक्स."

"आणि स्टेज?"

"स्टेज कंपल्सरी. पण बोल्टची काळजी नका करू, ते आमचे लोक मारून देतील."