हत्तीण एडिसनने मारली नाही

‘टेस्लाला बदनाम करायला एडिसनने हत्तीण शॉक देऊन मारली’ हा मजकूर जुन्या चित्रफितीसह पुन्हा फिरतोय. फीत खरी आहे, गोष्ट नाही.

टॉप्सी या हत्तिणीला मारलं ४ जानेवारी १९०३ रोजी, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर. एडिसनची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज की प्रतिस्पर्ध्यांची एसी (दिशा बदलत वाहणारी), हे भांडण त्याआधी दहा वर्षं मिटलेलं. (ते मुळात एसी विकणाऱ्या वेस्टिंगहाउसशी होतं, संशोधक निकोला टेस्लाशी नव्हे.) निर्णय तिथल्या लूना पार्क या करमणूक उद्यानाच्या मालकांचा. आधी सायनाइड घातलेली गाजरं चारली, मग ६,६०० व्होल्ट. चित्रीकरण मात्र एडिसनच्या फिल्म कंपनीचं. घोळ बहुधा तिथेच झाला.

म्हणून एडिसन धुतल्या तांदळासारखा ठरत नाही. १८८८ मध्ये हॅरॉल्ड ब्राउन या वीज-अभियंत्याने एसी किती घातक हे दाखवायला वासरं आणि एक घोडा मारला, तो एडिसनच्याच वेस्ट ऑरेंजच्या प्रयोगशाळेत. एसीची बदनामी व्हावी म्हणून मृत्युदंडाच्या विजेच्या खुर्चीला वेस्टिंगहाउसचीच जनित्रं लागावीत, ही खटपटही ब्राउनचीच. ६ ऑगस्ट १८९० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगात विल्यम केम्लर या खुन्याला त्या खुर्चीत बसवलं. सतरा सेकंदांनी करंट बंद करून तो मेल्याचं सांगितलं, तर त्याचा श्वास चालूच! पुन्हा करंट सोडावा लागला. फॉरवर्डच करायचं, तर हे करा.