ऐकणारा एक, बघणारे सगळे

फ्रिज घेतला की तो कुठे ठेवायचा हे घर ठरवतं. टॉवर स्पीकर घेतले की घर कुठे ठेवायचं हे स्पीकर ठरवायला लागतात. आमचा हॉल १० बाय १६, म्हणजे ठाण्यातल्या बिल्डरच्या भाषेत प्रशस्त. त्यात सोफा, दिवाण, टीव्ही युनिट, आईची आरामखुर्ची, बुटांचं कपाट, मनी प्लांट आणि आता कमरेएवढे उंच, काळेकुट्ट, दोन स्पीकर, जे भिंतीला टेकून उभे राहायला अजिबात तयार नाहीत.

"अरे, भिंतीला लावून ठेव की," बायको पहिल्याच दिवशी म्हणाली. इतकं रास्त बोलणं होतं की मला पटकन काही सुचेना, कारण घरातली झाडून सगळी वस्तू भिंतीलाच लावलेली असते, भिंती असतात कशाला. मग मी सुरू झालो, की बघ, बेसचा, म्हणजे खालच्या पट्टीतला, आवाज चारी बाजूंना पसरतो, मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, भिंत जवळ असली की बेस फुगतो, कोपऱ्यात तर आणखीनच फुगतो, मग डग्गा घुमत नाही, नुसता गुबगुबतो, म्हणून मागे किमान दोन-अडीच फूट मोकळे पाहिजेत. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "दोन्हींच्या मागे अडीच अडीच फूट? ठाण्यात आज काय रेट चाललाय माहितीय ना?"

त्यात पुन्हा त्रिकोण. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं असा समभुज त्रिकोण झाला तरच गायक बरोबर मध्ये उभा राहून गातोय असं वाटतं, नाहीतर तो एका स्पीकरमध्ये जाऊन बसतो. मी टेप घेऊन मापं काढली, स्पीकर थोडे आत वळवले, सगळं जमवलं, आणि त्रिकोणाचं तिसरं टोक आलं थेट आईच्या आरामखुर्चीवर. ती खुर्ची गेली कित्येक वर्षं तिथून हललेली नाही आणि हलणारही नाही. त्यामुळे आमच्या घरात शास्त्रशुद्ध स्टिरिओ फक्त आईला ऐकू येतो, आणि आई बघते मालिका. सासूने सुनेकडे रागाने बघितलं की जो ढॅण ढॅण ढॅण होतो ना, तो काय खोलीने येतो म्हणून सांगू.

खरी अडचण आवाजाची नाहीच. आवाज ऐकणारा मी एकटा, तोही रविवारी सकाळी सगळे झोपलेले असताना, पण स्पीकर बघायचे मात्र घरातल्या सगळ्यांनी, आल्यागेल्यांनी, दूधवाल्यानेसुद्धा. आत्या आली, दोन्हींवर हात फिरवून म्हणाली, "छान आहेत हो कपाटं, आत काय ठेवता?" काम करणाऱ्या मावशी रोज ओलं फडकं घेऊन त्यांच्यावर चाल करून जातात आणि मी रोज "मावशी, ते राहू दे" असं ओरडतो, तर त्यांचा समज झालाय की आत करंट आहे.

आणि भाचा. पुढची जाळी काढली की स्पीकर भारी दिसतात म्हणून मी ती काढून ठेवली होती. वरच्या बाजूला ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीतले बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर असतो, बोटाच्या पेरापेक्षा जरासा मोठा, कापडाचा गोल घुमट. चार वर्षांच्या पोराला तो बघून काय वाटलं असेल ते मी समजू शकतो, पण त्याने दोन्ही दाबले, डावा आणि उजवा, स्टिरिओमध्ये. "अरे लहान आहे तो," ताई म्हणाली. ते लहानच आहे, चाळीस हजाराला तर मीच गेलोय. मी सेलोटेप लावून श्वास रोखून हळूच ओढत ते घुमट बाहेर काढले, डावा टप्पकन आला, उजव्याला एक सुरकुती राहिली ती राहिलीच. तेव्हापासून जाळी लावलेलीच.

"पण सुंदर का नाही बनवत हे लोक?" हा बायकोचा प्रश्न मात्र शंभर टक्के खरा आहे आणि त्यासाठी मी लॅपटॉप उघडला. म्हटलं मुळात गोची अशी आहे, की लहान पेटी, खोल बेस आणि थोड्या पॉवरवर मोठा आवाज या तिन्हीतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात, हॉफमन नावाच्या माणसाने हे केव्हाच सांगून ठेवलंय. "मग बेस सोडून दे," ती म्हणाली. मी तिकडे दुर्लक्ष करून पुढे गेलो. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चरने एआर-१ नावाचा स्पीकर आणला, पेटी चहूबाजूंनी बंद, आतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग, त्यामुळे तोपर्यंत ज्या बेसला भलंमोठं धूड लागायचं तो आटोपशीर पेटीत मावला, फक्त अँप्लिफायर दणकट लागायला लागला. हे तिला जरा आवडलं. मग १९५७ चा इंग्लंडमधल्या क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक दाखवला, म्हणजे पेटीऐवजी विजेच्या भाराने थरथरणारा पातळ पडदा, पीटर वॉकरचा, अजूनही लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. तर ती म्हणे, "हीटर आहे ना हा?" आता खोटं कशाला बोला, दिसतो तसाच. आणि आवाज पुढून आणि मागून दोन्हीकडून फेकतो, म्हणजे त्यालाही मागे जागा पाहिजेच.

पेटीच्या धारदार कडांवरून आवाज फुटतो म्हणून गोलाकार चांगला आणि चौकोनी ठोकळा वाईट, हे आरसीए या अमेरिकन कंपनीतल्या हॅरी ओल्सनने गेल्या शतकातच मोजून दाखवलं, तरी ठोकळेच जास्त निघतात, कारण ठोकळा बनवायला सोपा आणि त्यावर फुलदाणी ठेवता येते. बी अँड डब्ल्यू या इंग्लिश कंपनीने १९९३ मध्ये नॉटिलस नावाचा स्पीकर काढला, चक्क वळणावळणाचा शंख, मागचा आवाज त्या निमुळत्या नळीत जिरून जावा म्हणून. बायको एकदम पुढे सरकली. "हा घे ना! हा किती गोड आहे." मी किंमत सांगितली. त्यानंतर आमच्या काळ्या ठोकळ्यांकडे तिने पहिल्यांदाच प्रेमाने बघितलं.

सगळ्यात जास्त मार्क मिळाले पॉल क्लिप्शला. १९४६ चा त्याचा क्लिप्शहॉर्न हा भोंग्याचा स्पीकर मूळ रचनेत कोपऱ्यातच ठेवायचा असतो, खोलीच्या दोन भिंतीच त्याच्या भोंग्याचा पुढचा भाग होतात. "बघ, शहाणा माणूस! कोपऱ्यात ठेवा म्हणतोय." मग आम्ही दोघांनी आमच्या हॉलचे कोपरे बघितले. एकात मनी प्लांट, एकात बुटांचं कपाट, एकात दार उघडतं आणि चौथा कोपरा बाल्कनीत गेलाय.

तसं आपल्याकडे झाकून ठेवायची परंपरा जुनीच. सांगलीला काकांकडे शटरवाला टीव्ही होता, बघून झाला की शटर ओढायचं, कुलूप लावायचं, वर काकूने विणलेला रुमाल आणि रुमालावर पितळी हत्ती. काकांनी हौसेने दोन मोठे स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना चिकटवून ठेवले, तर बातम्या देणाऱ्या बाईंचा एक गाल हिरवा आणि दुसरा जांभळा. काकू म्हणाली टीव्ही गेला. टीव्ही कुठेही गेला नव्हता, स्पीकरच्या चुंबकाने पिक्चर ट्यूबमधले इलेक्ट्रॉन ओढले जात होते. आता टीव्ही चपटे झाले, तो त्रास मिटला, पण चपट्या टीव्हीत बरा स्पीकर मावत नाही, म्हणून त्याच्याखाली साउंडबार नावाची पट्टी आली, आणि "शेजारच्यांनी बघ कसा सुटसुटीत साउंडबार घेतलाय" हे वाक्यही तिच्याबरोबरच आलं.

मध्यंतरी टीव्ही युनिटसाठी मिस्त्री आले होते. "साहेब, टेन्शन घेऊ नका, प्लायचा बॉक्स मारतो, पुढे जाळी, वरून सनमाइका, आत काय आहे कुणाला कळणार पण नाही." मी म्हटलं मिस्त्री, याला मागे भोक आहे, तिथून हवा आत-बाहेर जाते, बॉक्समध्ये कोंडलं तर सगळा आवाज बोंबलेल. मिस्त्री मागे गेले, वाकून बघितलं आणि हात घालून एक सागरगोटा काढला. मग खडू, रिमोटचा सेल आणि दिवाळीपासून हरवलेलं आईचं चष्मा पुसायचं फडकं. "साहेब, ह्याच्यात ड्रॉवरच करून देतो ना."

आता बायकोनेही शास्त्र शिकून घेतलंय. गुळगुळीत टाइल्स आणि काचेचा दरवाजा यांच्यावरून आवाज आपटत राहतो, जाड पडदे आणि गालिचा असले की तो शोषला जातो, हे मीच कधीतरी बोलून गेलो होतो. त्यानंतर आलेले पडदे, गालिचा, सहा कुशन, भिंतीवरचं ते विणलेलं काहीतरी, सगळं 'साउंडसाठी'. आवाज खरंच सुधारला, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. गणपतीत तर मखराची जागा नेमकी दोन स्पीकरच्या मधली, आईने दोन्हींवर एकेक समई ठेवली, "उंची अगदी बरोबर आहे रे," आणि तेलाचे दोन गोल डाग आजही समभुज त्रिकोणात आहेत.

शेवटी मी सबवूफर आणला, म्हणजे फक्त खोल बेस वाजवणारी वेगळी पेटी. त्याचा फायदा असा की साधारण ८० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या, खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळतच नाही, त्यामुळे तो दिसायलाच पाहिजे असं काही नाही, सोफ्यामागेही चालतो. बायको माहेरी गेली होती तेव्हा बसवला, वायर गालिच्याखालून घेतली, वरून साउंडसाठीची दोन कुशन ठेवली, आणि महिना झाला, कोणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त ४० हर्ट्झची लाट जवळजवळ २८ फूट लांब असते, आणि आमचा हॉल १६.

परवा लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे काका भेटले. "काय हो, पिठाची गिरणी टाकलीत का वर?" मी हसून विषय बदलला, सोसायटीच्या पाण्यावर नेला. काका उतरले, दार लागलं. बायको शेजारीच उभी होती.

"कुठे ठेवलायस?"